मांडवामागची खुर्ची

शुक्रवारी यंत्रमाग बंद असले की भिवंडीत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येतं. वाचनालयातही त्या दिवशी चार माणसं जास्त येतात. विद्युल्लताबाईंनी सकाळची वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवली, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावली आणि रोजच्यासारखी कोपऱ्यातल्या टेबलावरची आपली जाड फाइल उघडली.

त्या फाइलीत बारा वर्षांची मेहनत होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हिंदुस्थानातून परदेशी स्पर्धांना गेलेले लांब पल्ल्याचे धावपटू, हा त्यांचा विषय. त्या काळी पाच हजार किंवा दहा हजार मीटर म्हटलं की जग फिनलंडच्या धावपटूंकडे बघायचं. आपली पोरं पंधरा-वीस दिवस बोटीनं तिकडे जायची, शेताच्या बांधावर अनवाणी सराव केलेली, आणि धावायचं असायचं कोळशाच्या खरखरीत खडीवर. बहुतेक जण शेवटी यायचे. शेवटी आलेल्याचं नाव कोण लिहून ठेवतो? विद्युल्लताबाई तीच नावं शोधत होत्या. नवरा होता तोवर सुटीच्या दिवशी मुंबईला जुनी वर्तमानपत्रं चाळायला तोही बरोबर यायचा. तीन वर्षांपूर्वी तो हृदयविकारानं गेला. तेव्हापासून त्या एकट्या जात.

त्यातलं एक नाव अगदी जवळचं निघालं. भिवंडीलगतच्या दापोड्याचा लडकू. मिठागरात राबणारा हा आगरी पोरगा पोलिसात भरती झाला, पोलिसांच्या शर्यती जिंकत गेला आणि १९३५ साली वर्गणीच्या जोरावर युरोपात दहा हजार मीटर धावून आला. स्पर्धेच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'शर्यत सोडली' असं लिहिलेलं होतं. पण एका जुन्या बातमीत विद्युल्लताबाईंना वेगळंच सापडलं. बाकीचे कपडे बदलून निघून गेले तरी तो हिंदी धावपटू रक्ताळल्या पायांनी एकटा पंचवीस फेऱ्या पुऱ्या करून थांबला होता.

खरं काय, हे विचारायला त्या दापोड्याला गेल्या. लडकूची बायको राहीबाई हयात होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण बोलणं टणक. लग्न झालं ते शर्यतीनंतर दोन वर्षांनी, तरी नवऱ्याकडून ऐकून पंचवीसही फेऱ्या तिला पाठ. पावसाळ्यात नवऱ्याचे तळवे मऊ पडले की त्यातून अजून ती काळी खडी वर यायची आणि ती बाभळीच्या काट्यानं काढायची, हे तिनं सहज सांगितलं. लग्नानंतरही मिठागराच्या बांधावर तो सराव करायचा तेव्हा फेरीगणिक एक खडा पदरात टाकायचं काम तिचं. लडकू १९५३ साली तापानं गेला. पदरी तीन वर्षांचा दौलत होता.

तोच दौलत आता, २००६ साली, दौलतशेठ. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली होती, त्यातली तीन त्याची. बापाची ही कथा त्यानं विद्युल्लताबाईंनी छापलेल्या छोट्या पुस्तिकेत वाचली आणि क्रीडा मंडळाच्या भर बैठकीत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या नावानं दहा हजार मीटरची शर्यत भरवायची, तसबिरीचं अनावरण करायचं, असं त्यानं तिथंच ठरवलं. मंडळाचे कार्यवाह होते विद्युल्लताबाईंचे धाकटे दीर, प्रभाकर. सगळं कसं जुळून आलं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी प्रभाकर वाचनालयात आले. आधी पाणी मागितलं. मग निमंत्रणपत्रिकेच्या कागदाबद्दल बोलले, शाई जरा फिकी आली म्हणाले.

"वहिनी, राग मानू नका," ते शेवटी म्हणाले. "दीपप्रज्वलन आणि तसबिरीची पूजा सवाष्णींच्या हातून व्हावी असं गावकऱ्यांचं म्हणणं आहे. ते उरकलं की तुम्हाला बोलवतील. दहा मिनिटं बोला."

स्वतःला हे पटत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण गावाचं मन मोडता येत नाही, पहिलंच वर्ष आहे, विघ्न नको. तसबिरीला हार कोण घालणार, असं विद्युल्लताबाईंनी विचारलं. दौलतशेठ आणि त्यांची पत्नी, असं उत्तर आलं.

"आणि राहीबाई?"

प्रभाकर पुस्तकांच्या कपाटाकडे बघत म्हणाले, "त्या थकल्यात आता."

विद्युल्लताबाई हो म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांना हो म्हणायची सवय लागली होती. गेल्या वर्षी पुतणीला, आसावरीला, हळद लागत होती तेव्हा जावेनं त्यांच्या हाती कोठीच्या किल्ल्या दिल्या होत्या. तुमच्याशिवाय विश्वासाचं आहे कोण, असं म्हणून. बाहेर गाणी चालली असताना या एम.ए. झालेल्या बाई आत लाडवांच्या परातींवर फडकी झाकत बसल्या होत्या. कोणी हाकललं नव्हतं. हाकललं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे प्रत्येक जण गोड बोलायचा, आणि त्या गोडीत पाय रुतत जायचे. काम महत्त्वाचं, दिवा कोणी का लावेना, अशी त्यांनी याही वेळी मनाची समजूत घातली.

रविवारी गोदामांमागच्या मोकळ्या रानात चुन्यानं चारशे मीटरची धावपट्टी आखली होती. मांडव, ध्वनिक्षेपक, फेटे, सगळं थाटात. एका कार्यकर्त्यानं विद्युल्लताबाईंना अदबीनं मांडवामागे नेलं. पूजा होईपर्यंत ताईंनी इथे बसावं, म्हणाला. तिथे भजी तळण्याचा घाणा चालू होता, आणि त्याच्या धुरात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, नवं कोरं लुगडं नेसून राहीबाई बसली होती. हातात पेढ्यांची बशी. समोर मांडवाचा कापडी पडदा. तिथून ना तसबीर दिसत होती, ना धावपट्टी.

विद्युल्लताबाईंनी विचारलं, पुढे का नाही बसलात?

"मना हितंच बरं हाय," राहीबाई म्हणाली. "पोराचं सुभ काम हाय. माझी सावली कशाला त्याच्यावर?"

"अहो, पण तसबीर तुमच्या नवऱ्याची आहे."

"म्हनूनच तं, बाय."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की विद्युल्लताबाईंचा संताप आधी तिच्यावरच झाला. त्रेपन्न वर्षं ही बाई अशी पडद्यामागे बसत आली आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. राहीबाईच्या शेजारी तशीच दुसरी खुर्ची मांडलेली होती, आणि बोलता बोलता त्या स्वतःच तिच्यावर बसल्या होत्या.

पलीकडे टाळ्या वाजल्या. पूजा झाली होती. ध्वनिक्षेपकावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

त्या व्यासपीठावर गेल्या. टाचण काढलं, पण उघडलं नाही.

"लडकूंनी पंचवीस फेऱ्या पूर्ण केल्या, हे सांगणारं एकच माणूस आज जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं ते त्यांनी सांगितलं म्हणून. त्या या पडद्यामागे बसल्यात, कारण त्या विधवा आहेत. मलाही आत्तापर्यंत तिथेच बसवलं होतं. त्यांना इथे आणा, मग मी बोलते."

मांडवात चुळबूळ झाली. दौलतशेठचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता. आईला त्यानं स्वतंत्र खोली बांधून दिली होती, दर महिन्याला गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचा. तो उठून म्हणाला, "आईला मी कदी काय कमी केलं न्हाय. हा आमचा घरातला मामला हाय, बाई." प्रभाकर खालून हातानं आवरतं घ्या, आवरतं घ्या, अशी खूण करत होते. कोणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला.

विद्युल्लताबाई तशाच उभ्या राहिल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कोणी हललं नाही. मग निवेदकानं दुसरा ध्वनिक्षेपक हातात घेऊन धावपटूंना रेषेवर बोलावलं, शिट्टी वाजली आणि त्यांच्याकडे पाठ करून सगळी सभा शर्यत बघू लागली. बारा वर्षांच्या कामावर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

त्या खाली उतरून मागे गेल्या आणि राहीबाईच्या खुर्चीचा एक हात धरला. म्हातारी नको नको करत होती, पोरगा चिडंल म्हणत होती, डोळ्यांना पदर लावत होती. एकटीला खुर्ची उचलेना. तेवढ्यात दौलतशेठची मुलगी करिष्मा, अकरावीतली, चहाचा ट्रे खाली ठेवून पुढे झाली.

"आजी, बस नीट," ती म्हणाली. "पप्पांना मी बघते."

दोघींनी खुर्ची उचलून थेट चुन्याच्या रेषेपाशी नेऊन ठेवली.

पहिल्या तीन फेऱ्या राहीबाईनं पदराआडून बघितल्या. चौथ्या फेरीला पदर खाली आला. मग तिनं करिष्माकडून पायाजवळचे खडे वेचून घेतले, आधी झालेल्या फेऱ्यांचेही धरून, आणि एकेक ओच्यात टाकू लागली. पुढे धावणारा पोरगा टाचेवर पडतोय, टिकायचा नाही, असं तिनं मध्येच सांगितलं. सतराव्या फेरीत तो पोटाला हात लावून बाहेर बसला.

मागच्यांना पुढचे ओलांडून जाऊ लागले तशी टेबलावर मोजणाऱ्यांची गडबड उडाली. एक म्हणे बावीस झाल्या, एक म्हणे तेवीस. आवाज चढले. शेवटी दौलतशेठ स्वतः चालत धावपट्टीच्या कडेला आला. विद्युल्लताबाईंकडे त्यानं बघितलं नाही.

"आये," तो हळूच म्हणाला, "पुढच्याच्या किती झाल्या?"

राहीबाईनं ओचा उघडून दाखवला. बावीस खडे. तिच्या शब्दावर शर्यत पुरी झाली.

पण बक्षिसं वाटायला तिला कोणी बोलावलं नाही. ती नगरसेवकाच्या हस्ते दिली गेली. समारोपाची आरती सुरू झाली तेव्हा राहीबाई आपण होऊन उठली आणि पडद्यामागे निघून गेली. यावेळी विद्युल्लताबाईंनी तिला अडवलं नाही. अडवायचं बळ उरलं नव्हतं.

परतीच्या रिक्षात प्रभाकर शेजारी बसले होते. गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. रिक्षा थांबली तसे ते म्हणाले, वहिनींनी एवढं ताणायला नको होतं. हेतू चांगला होता, पण दौलतशेठसारख्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावलं. रूढी एका दिवसात जात नाहीत. हळूहळू लोकांना पटेल, थोडं थांबायला हवं.

विद्युल्लताबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"राहीबाई त्रेपन्न वर्षं थांबल्यात, भावोजी," त्या म्हणाल्या. "अजून किती थांबायचं ते तुम्ही सांगा. मी उद्या जाऊन त्यांना निरोप देते."

पुढचा ट्रक हलला, रिक्षावाल्यानं रिक्षा पुढे घेतली.