मागच्या सीटकडून येणारा आवाज

गॅरेजमध्ये सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि तो ते मिरवायचाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत बॉनेटवर हात ठेवायचा, मान तिरकी करायचा आणि निदान सांगून मोकळा व्हायचा. एखादी गाडी हट्टाने गप्पच राहिली, तर त्याचा प्रश्न ठरलेला: "आवाज येतो तेव्हा गाडीत कोण कोण असतं?" मग गिऱ्हाइकाच्या बायकापोरांसकट सगळ्यांना बसवून चक्कर मारून यायचा. रिकामी गाडी खोटं बोलते, असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

घरच्या गाडीच्या वेळी मात्र हा प्रश्न त्याला सुचला नाही. आता बोला!

त्याची बायको आठवड्यातून एकदा आपल्या आईला फिजिओथेरपीला न्यायची. म्हातारीचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसायची. एकदा दोघी घरी आल्या आणि बायको म्हणाली, "अहो, वळताना मागून काहीतरी घासल्यासारखं वाजतंय."

"तुझी आई कुरकुरत असेल," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. सासूबाईही हसल्या. विषय तिथेच मिटला.

पुढच्या खेपेला तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा चहा अर्धा टाकून त्याने किल्ली उचलली आणि एकटाच गल्लीला वळसा घालून आला. "छे! काही नाही. उगाच कशाला मनात घेतेस?"

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून टुंग टुंग सुरू झालं. टायरमध्ये हवा कमी असल्याची सूचना. त्याने उभ्या उभ्या हवा भरली आणि बटण दाबून दिवा घालवला. "सेन्सर आहेत, ओरडतातच. तू लगेच घाबरतेस." चाक काढून बघायला असा कितीसा वेळ लागला असता? पण दिवसभर लोकांच्या गाड्या उघडायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच! कंटाळा, दुसरं काय.

मागची एका बाजूची स्प्रिंग तुटली होती. त्या बाजूला माणूस बसलं की गाडी खाली दबायची आणि वळताना टायर आतल्या पत्र्याला घासायचा. घासून घासून तो भर रस्त्यात फुटला आणि गाडी दुभाजकावर आदळली. बायकोचं खरचटण्यावर निभावलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं.

चाक त्याने स्वतःच काढलं. टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला. नवशिक्यालाही कळेल असला बिघाड! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्याला.

बायको कडाकडा भांडली असती, तर बरं झालं असतं. सासूबाई अंथरुणातून "जाऊ द्या हो, गाडी जुनीच होती," म्हणून उलट त्याचीच समजूत घालायच्या, ते तर फारच लागायचं. त्याने स्प्रिंगा बदलल्या, चारही टायर नवे घातले आणि रोज सकाळी विचारू लागला, "गाडी काही वाजते का गं?"

"नाही. छान चालते."

रोज हेच उत्तर. ऐकून त्याच्या जिवाला जरा बरं वाटायचं.

परवा गाडी धुताना त्याची नजर चाकाच्या फटीतून आत गेली. ब्रेक पॅड कोरे करकरीत. त्याने तर हातही लावला नव्हता. तो तसाच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेला.

"ब्रेकचं काम कुणी केलं?"

"पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याने. करकरत होते."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? रोज विचारतो ना मी!"

तिने भाजी चिरायची थांबवली. रागावलेली नव्हती ती, नुसती दमलेली दिसत होती. "तो मला शेजारी बसवून गाडी फिरवतो. मला येतो तो आवाज त्याला येईपर्यंत उतरत नाही." सुरी बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली, "तुम्हाला पुन्हा सांगायची हिंमतच होत नाही हो. माझी आई होती मागे."

त्याने ओले हात पँटला पुसले. म्हणाला, "काम चांगलं केलंय त्याने."