भिंतीपलीकडचा आवाज

"बाबा, माझ्याशी घरात बोलून उपयोग नाही. रीतसर नंबरवर फोन करा," मुलगी म्हणाली आणि हेडफोन चढवून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

घ्या! ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर मी गाडी चालवतो, तिच्याच तक्रारी ही घरात बसून ऐकते. "टॅक्सी स्टँडवर काय उन्हात बसता? आमच्याकडे या, सगळं नियमानं चालतं," म्हणत हिनंच मला ओढून आणलं. स्टँडच्या रांगेतली माझी जागा मी दुसऱ्याला देऊन बसलो. आणि आज सकाळपासून माझं खातं बंद! कुणा प्रवाशानं लिहिलं, ड्रायव्हर प्यायलेला होता. मी? चहासुद्धा अर्धा कप पिणारा माणूस!

स्टँडवर अशी तक्रार आली की आमचे म्होरके मामा ड्रायव्हरला प्रवाशासमोर उभं करायचे. "आ कर," म्हणायचे आणि सरळ तोंडाचा वास घ्यायचे. प्यायलेला निघाला तर चावी काढून घेत आणि प्रवाशाला स्वतः घरी सोडून येत. नसला, तर प्रवाशाला माफी मागायला लावत. आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. जवळचं भाडं म्हटलं की आमचीही तोंडं वाकडी व्हायची. पण भांडायला समोर माणूस असायचा. इथे आ करून दाखवू कुणाला?

फोन लावला. दोनदा भलत्याच कुणी उचलला, मी ठेवून दिला. तिसऱ्यांदा भिंतीपलीकडून आणि फोनमधून एकदमच आवाज आला, "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

माझा जीव भांड्यात पडला. आपलं माणूस लागलं!

"अगं, मी बोलतोय. सांग ना तुझ्या वरच्यांना. तुला माहितीये, मी थेंबही घेत नाही."

तिनं कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं. मग म्हणाली, "सर, आपली अडचण आम्ही समजू शकतो. पण तक्रार ग्राह्य धरली आहे. खातं पुन्हा सुरू होणार नाही."

"बाळा, दार उघड. तोंडाचा वास घे माझ्या. मग काय लिहायचं ते लिही."

"सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय." तिचा आवाज चिरकला. "आणखी काही मदत करू शकते का?"

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला, आणि तोही इतक्या गोड आवाजात.

फोन बंद झाला. दार काही उघडलं नाही. आत दुसऱ्याच कुणासाठी "नमस्कार सर" सुरू झालं. माझ्या फोनवर निरोप आला: आमच्या प्रतिनिधीची सेवा कशी वाटली? माझं बोट सरळ पहिल्या ताऱ्यावर गेलं. कमी तारे पडले की पगार कापतात, हे तिनंच परवा जेवताना सांगितलं होतं.

मी पाचही तारे दाबले. खाली विचारलं होतं, आणखी काही सांगायचंय? ती जागा कोरी सोडली आणि गाडीची चावी तिच्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.