नाक्यापलीकडे न्यायचं दूध

आमच्या नाक्यावर पायी सीमा ओलांडता येत नाही. का, ते विचारू नका. अलीकडच्या फाटकापासून पलीकडच्या फाटकापर्यंत नुसता चार किलोमीटरचा माळ आहे, पण चालत निघालात तर पकडतात. बुडाखाली चाकं हवीत. म्हणून पलीकडच्या गावी ज्याला जायचं असेल तो फाटकापाशी येऊन उभा राहतो, आणि ज्याच्या गाडीत जागा असेल त्याने त्याला घ्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत, ही आमची रीत. मी दोलगोर. गेली अकरा वर्षं दर शुक्रवारी माझी जुनी रशियन व्हॅन घेऊन जाते आणि सोमवारी पलीकडून पीठ, साखर, तेल आणते. जाताना गाडी रिकामी असते, तेव्हा फाटकापाशी उभे असलेले सगळे माझीच वाट बघतात.

या नाक्याचा मला वीट आला आहे. दिवसाला पाच-सहा गाड्या, त्याही तोंडओळखीच्या, तरी प्रत्येक वेळी जणू आम्ही आकाशातून पडलोय अशी चौकशी. पलीकडच्या खिडकीत झोरिक्तो बसतो. आमच्यासारखाच बुरियात जमातीचा, आमचीच भाषा बोलणारा, लहानपणी गुरांमागे फिरलेला. आता अंगावर गणवेश आला तर मान वळायला तयार नाही. मीही काही धुतल्या तांदळाची नाही. दर शुक्रवारी रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून घट्ट साय मी त्याला देते. तो डबा टेबलाखाली सरकवतो आणि माझ्या गाडीत डोकं घालत नाही. दूध-दुभतं सीमेपार न्यायला बंदी आहे, आणि बंदीचा शिक्का त्याच टेबलावर असतो.

त्या शुक्रवारी फाटकापाशी तिघं होती. एक जोडपं, त्यातल्या नवऱ्याची दाढ सुजून गाल टम्म फुगलेला, पलीकडच्या दातांच्या डॉक्टरकडे निघालेलं. आणि नोरजिमा. ती पलीकडची लेक, आमच्या गावात दिलेली. हातात पाच लिटरची ॲल्युमिनियमची बरणी, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. वीस वर्षांपूर्वी लेकीला सासरी पाठवताना म्हातारीने एक कालवड दिली होती. त्या कालवडीच्या नातीचं दूध एकदा जिभेवर ठेवायचं, मग जायचं, असा निरोप तिने पाठवला होता. नोरजिमाने पहाटे धार काढली, दूध उकळलं, गार केलं आणि चालत फाटकापर्यंत आली. शनिवार-रविवार नाका बंद. सोमवारपर्यंत म्हातारी थांबेल असं कोणीच म्हणत नव्हतं.

मला बरणी दिसली होती. ती पुढे अडणार हेही मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी काही बोलले नाही. म्हटलं, झोरिक्तोला साय दिली की तो बघणार नाही.

आमच्या बाजूने सुटलो. पलीकडे पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते, पाचला फाटक बंद. मी डबा दिला, त्याने टेबलाखाली सरकवला. आणि त्या दिवशी नेमका तो उठून गाडीपाशी आला. वरून कोणी साहेब येणार होता म्हणे, म्हणून कर्तव्य दाखवायची हुक्की आली होती. त्याने फडकं सोडून बरणीत बघितलं आणि दूध चालणार नाही म्हणाला. आमच्या बाजूला गुरांना साथ आहे म्हणे. साथ! त्याच गुरांची साय त्याच्या पायाशी ठेवलेली होती, आणि हा माणूस डोळ्याची पापणीही न हलवता मला साथ सांगत होता. मला त्याची शिसारी आली.

नोरजिमाने सगळं सांगितलं. आई, कालवड, निरोप. आवाज न चढवता, त्याचं नाव घेऊन बोलली. तो बुटाच्या टोकाकडे बघत राहिला.

"मला कळतं ताई. पण दूध आत जाणार नाही. मागे संडास आहे, तिथे ओतून या."

"तूच ओत मग," नोरजिमा म्हणाली.

तो दोन पावलं मागे सरला. "माझ्या हातून नाही. मला घरी आई आहे."

आमच्यात दूध सांडणं म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. थेंब जमिनीवर पडला तरी आम्ही बोट बुडवून कपाळाला लावतो. पाप तेवढं त्याला नको होतं, हुकूम मात्र हवा होता.

नोरजिमा बरणी पोटाशी धरून उभी. प्यायचं म्हटलं तरी पाच लिटर, आणि मरणाऱ्या बाईसाठी आणलेलं दूध पिणार कोण? परत जायचं तर तिला एकटीला चालत जाता येत नाही. कागदावर चार माणसं लिहिलेली, म्हणजे अख्खी गाडी फिरणार, माझी खेप बुडणार, त्या माणसाची दाढ तशीच राहणार. तो मागे कण्हत होता आणि त्याची बायको घड्याळ बघत होती. पाचला वीस मिनिटं कमी.

मी तेव्हा एक गोष्ट करू शकत होते. टेबलाकडे बोट दाखवून म्हणू शकत होते, तो डबा काढ, साहेब आले की दोन्ही समोर ठेवू. त्याने मुकाट दूध जाऊ दिलं असतं. पण मग पुढच्या शुक्रवारी माझी गाडी चाकं काढून तपासली असती. अकरा वर्षांचा जम मला मोडायचा नव्हता. एवढंच कारण. दुसरं काही असतं तर बरं वाटलं असतं.

मी नोरजिमाच्या हातातून बरणी ओढली. तिने सोडली नाही, मला बोटं उकलावी लागली. संडासाच्या फळ्या ओल्या होत्या, दरवाजा लागत नव्हता, वास नाकात जात होता. त्या भोकात मी दूध ओतलं. मधेच खाली बघितलं, पांढरं त्या घाणीवर पसरत होतं. बुटावर थेंब उडाले होते. ते कपाळाला लावायला हवे होते. मी बूट गवतावर पुसला.

झोरिक्तोने शिक्का मारला आणि म्हणाला, "मावशी, समजूतदार आहात."

जोडप्याला दवाखान्यापाशी सोडून मी नोरजिमाला घरी नेलं. ती उतरून सरळ आत गेली, मला चहाला बोलावलं नाही. आमच्याकडे शत्रूलाही चहाशिवाय परत पाठवत नाहीत. तिची रिकामी बरणी गाडीतच राहिली होती, ती द्यायला मी मागोमाग गेले.

म्हातारी उशीला टेकवून बसवलेली होती. डोळे मात्र लख्ख. "आणलंस?" तिने विचारलं.

मला वाटलं, आता नोरजिमा माझं नाव घेणार. घेतलं असतं तर सुटले असते.

"गाय आटली, आई," नोरजिमा म्हणाली.

म्हातारीचा चेहरा उतरला. स्वतःसाठी नाही. पोरं मग काय पितात, तिने विचारलं, थंडी तोंडावर आली, काय घालतेस त्यांच्या चहात? आणि सुनेला हाक मारून, आपल्या गायीचं दूध काढून निघताना बरणीभर हिच्यासोबत द्यायला सांगितलं. बोलताना तिला धाप लागत होती, तरी तिने दोनदा सांगितलं. सुनेने माझ्या हातातून बरणी घेतली.

मग म्हातारीने मला जवळ बोलावून माझा हात धरला.

"तूच नेणार ना हिला परत? नाक्यावर जरा सांभाळ हो बाई. दूध आहे, सांडू देऊ नकोस."

नोरजिमा माझ्याकडे बघत होती.

"नाही सांडू देणार," मी म्हणाले.