चार बॅटऱ्यांची खोली

जावयाच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: शेगडीच्या भिंतीला लागून असलेली एक चिंचोळी खोली, तिला एक खिडकी आणि आतून लावता येणारी कडी. सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला कडीचं काय अप्रूप असतं, ते घरजावयालाच कळतं. अडचण एकच. त्या खोलीत घराच्या चार बॅटऱ्या ठाण मांडून बसल्या होत्या. विजेची लाइन डोंगराखालीच संपत होती; छपरावरच्या पॅनलची वीज दिवसभर या चौघी साठवत आणि अंधार पडला की घराला पुरवत.

फिटरने बजावलं होतं की यांना उबेत ठेवा, गारठल्या की निम्मीच वीज देतात. ते ऐकायला फक्त जावई उभा होता. घरात सांगताना त्याने ऊब गाळली आणि गॅस धरला. बॅटऱ्यांतून गॅस सुटतो, म्हणाला, त्या घरात नकोत. अगदीच खोटं नव्हतं. पण गॅससाठी भिंतीला झरोका होता. सासऱ्यांनी मान डोलावली, स्वतः एक बाजू धरली, आणि बॅटऱ्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. जावयाने खोलीत खाट टाकली, कडी लावली आणि दुपारभर काहीही न करण्याचं सुख भोगलं.

मग बर्फ पडलं. जेवणाच्या वेळीच इन्व्हर्टर किरकिरायला लागला, दिवे मिणमिणू लागले. बायकोने गुन्हेगार शोधायला घेतला. इस्त्री बंद झाली, मिक्सर फळीवर गेला, तरी भागेना. फिटरने काय बजावलं होतं, ते एकट्या जावयाला ठाऊक होतं. तेवढ्यात बायकोने विचारलं, अहो, तुम्हाला काय वाटतं?

"संध्याकाळचा तो वायरलेसही काही हवेवर चालत नाही," तो बोलून गेला.

दरीपलीकडे सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे बायकोची आत्या, एकटी राहायची. रोज संध्याकाळी भाऊ-बहीण वायरलेसवरून बोलत. बोलत म्हणजे बहुतेक भांडत. तो सेट एका दिव्याइतकीही वीज खात नव्हता, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. पण सासरे हातातला घास खाली ठेवून म्हणाले, खरंय तुमचं. त्या दिवसापासून त्यांनी सेटला हात लावला नाही. बहिणीला कारण सांगायचं तर जावयाचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी तिला काहीच कळवलं नाही. संध्याकाळ झाली की ते उगाच लाकडं रचत बसत. जावई खोलीत पडून तो लाकडांचा आवाज ऐकायचा. कडीचं सुख केव्हाच आटलं होतं.

काही दिवसांनी भर दुपारी आत्या दारात उभी राहिली. ओढ्याच्या उतारावर घसरली होती. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं.

"जिवंत आहेस ना?" ती भावावर कडाडली. "मग बोलायला काय धाड भरली होती?"

"सेट बिघडलाय, ताई."

आत्याने डाव्या हाताने बटण दाबलं. सेट खरखरला. "हा तर माझ्यापेक्षा धडधाकट आहे."

सासऱ्यांनी शेगडीत एक लाकूड सरकवलं. आता आपण गप्प बसलो तर हा माणूस हेही स्वतःच्या अंगावर घेईल, हे जावयाला दिसत होतं.

"मामा खोटं बोलताहेत. माझ्यासाठी," तो म्हणाला. "बॅटऱ्या थंडीने बसल्यात. त्या उबेत ठेवायला फिटरने सांगितलं होतं. मला ती खोली हवी होती."

बायकोने आत्याच्या मनगटावरची पट्टी गुंडाळून पुरी केली. कुणी ओरडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"मागायची होतीत, जावईबापू," आत्या म्हणाली. "याने आजवर कुणाला नाही म्हटलंय?"

अंधार पडायच्या आत त्याने बॅटऱ्या एकट्याने आत आणल्या. एक पार रिकामी होऊन गोठली होती, तिच्या अंगाला उभी भेग गेली होती. उरलेल्या तिघी दोन-चार दिवसांत उबेला सावरल्या.

हिशेब असा झाला. एक बॅटरी कायमची गेली. सासऱ्यांच्या काही संध्याकाळी मुक्या गेल्या, त्याबद्दल ते आजवर चकार शब्द बोललेले नाहीत. बायको बोलते, पण मोजकं. जावयाची खाट गेली, ते नुकसानीत धरण्यासारखं नाही. आत्याचं मनगट वाकडंच जुळलं. वेणी घालता येईना, म्हणून तिने केस कापून टाकले. सगळ्यांत जास्त तिनेच भरलं, आणि ती खोली तर तिने धड पाहिलीही नव्हती.