आल्माच्या पट्ट्याची भेग

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. पट्टा कसला, पट्ट्याचा तीन मीटरचा तुकडा म्हणा. माझं एक टोक हाताळून गुळगुळीत झालंय आणि दुसरं टोक एका भेगेपाशी तुटलेलं आहे. मी भित्रा आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसायला नको.

हार्त्सच्या डोंगरात खोगिरं शिवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. ओकच्या सालीत मुरवलेलं बैलाचं कातडं, बोटभर रुंद आणि चांगलं दहा मीटर लांब. कुत्र्याला फिरवायला एवढा लांब पट्टा कुणी घेत नाही. माझं काम वेगळं होतं. कधी शिकाऱ्याची गोळी हरणाला लागते, पण हरीण जागीच पडत नाही, तसंच जखमी जंगलात निघून जातं. मग माझ्या मालकीणबाईंना, गुंडुलाबाईंना, फोन येई. त्या आपल्या तांबड्या आल्मा कुत्रीच्या गळपट्ट्यात माझं एक टोक अडकवत, दुसरं मुठीत धरत. आल्मा नाक जमिनीला लावून माग काढे. हरीण सापडे, मेलेलं किंवा अजून धुगधुगी असलेलं. धुगधुगी असेल तर त्याचे हाल तिथेच संपवायचे, एवढ्यासाठी सगळी धडपड.

आमच्याकडचे शिकारी हरणाच्या रक्ताला रक्त म्हणत नाहीत, घाम म्हणतात. मला काही त्याने धीर आला नाही. पानावरचा लाल थेंब दिसला की मी आतून आकसायचो. आल्माचं थरथरणं माझ्या एका टोकातून शिरे, बाईंच्या हाताची धडधड दुसऱ्या टोकातून, आणि दोघींच्या मधे मी. लोक कौतुक करत ते मात्र आल्माच्या नाकाचं. माझं नाव कोण घेणार! पण बाई घरी आल्या की मला पुसत, चरबी चोळत आणि गार खोलीत टांगत. तेवढं मला पुरे होतं.

मग एका हिवाळ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुणीतरी मला शेगडीजवळच्या खुंटीवर अडकवलं आणि विसरून गेलं. चार महिने ती धग सोसून मी वाळलो. एके दिवशी माझ्या अंगात बारीकशी भेग पडली. बाहेरून दिसणार नाही अशी, पण मला कळली. वसंतात बाईंनी मला वरवर चरबी लावली आणि भेग बुजल्यासारखी झाली. मी ओरडून सांगितलं असतं हो, पण मला तोंड कुठे आहे?

त्या दिवसापासून प्रत्येक हिसक्याला माझा जीव वरखाली होऊ लागला.

ऑक्टोबरात एका सकाळी अकरा वाजता वेंडेलिनचा फोन आला. हा बाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा, चाळीस वर्षं शिकारीत मुरलेला. उजाडता उजाडता त्याने मोठ्या शिंगांच्या एका हरणावर गोळी झाडली होती आणि ते पळालं होतं.

"पोटात लागली असावी," आम्ही पोचल्यावर तो म्हणाला. "गोळी लागली तिथे फांदी मोडून खूण ठेवलीय."

"तुम्ही मागे गेला नाहीत ना, भावोजी?" बाईंनी विचारलं.

"छे! मला काय काल बंदूक मिळालीय? लांबूनच खूण ठेवली, मागावर पायही पडू दिला नाही आणि थेट गाडीत येऊन बसलो."

पोटात गोळी लागलेलं हरीण थोडं पुढे जाऊन झुडपात बसतं. चार-पाच तास त्याच्या वाटेला जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. थांबलं तर ते तिथेच शांतपणे मरतं. घाई केली तर जखमेसह उठून मैलोगणती पळत राहतं.

आल्माने खुणेची फांदी हुंगली. आणि जंगलाकडे पाठ फिरवून ती सरळ वेंडेलिनच्या गाडीच्या दाराशी जाऊन बसली.

"अगं, आज काय झालंय तुला?" बाई म्हणाल्या. त्यांनी तिला परत आणलं. आल्मा पुन्हा गाडीशी.

"म्हातारी झाली गं तुझी कुत्री," वेंडेलिन हसला. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

बाईंनी एकदा आल्माकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "भावोजी, बूट वर करा."

"बूट कशाला?"

"करा म्हणते ना!"

बुटाच्या तळाला वाळलेलं रक्त होतं आणि हरणाचे चार तांबडे केस. त्याच वासाने आल्माला गाडीपर्यंत नेलं होतं.

वेंडेलिनची मान खाली गेली. "अर्ध्या तासातच गेलो गं. वाटलं, तिथेच पडलं असेल. झुडपात बसलं होतं. माझी चाहूल लागली आणि उठलं."

"पाच तास थांबायचं, हे नव्या पोरांना तुम्हीच शिकवता ना?"

"म्हणूनच तर सांगायची लाज वाटली."

"कुठल्या बाजूला गेलं?"

"जुन्या खाणीकडे."

बाईंचा हात माझ्यावर एकदम आवळला. ती पाटीच्या दगडाची सोडलेली खाण आहे. कडेला नेचे दाट वाढलेत, कुठे जमीन संपते ते दिसत नाही. मी मनात म्हणत होतो, नको, आज नको. पण त्या झुडपापासून आल्माला खरा माग लागला आणि ती ओढत निघाली. नाक खाली, आजूबाजूला लक्ष नाही. मी ताणला गेलो. भेग चुरचुरू लागली.

पाऊण तास चाललो. मग नेचे हलले आणि आल्मा नाहीशी झाली.

असा हिसका मला आयुष्यात बसला नव्हता. बाई आडव्या पडल्या, फरफटत कडेच्या दोन-अडीच मीटर अलीकडे येऊन अडकल्या, पण मूठ सोडली नाही. खाली आल्मा लोंबकळत होती. पुढचे दोन पाय एका कपारीला कसेबसे टेकले होते, म्हणून गळा आवळला नाही. तिचं उरलेलं सगळं वजन माझ्यावर आणि माझं सगळं वजन त्या भेगेवर. एकेक धागा तुटताना मला ऐकू येत होता. मित्रांनो, मी घाबरलो होतो, पण स्वतःसाठी नव्हे.

"भावोजी! पट्टा फाटतोय!"

वेंडेलिन पोटावर झोपला. कडेच्या पलीकडे खांद्यापर्यंत हात घातला आणि भेगेच्या खाली मला पकडलं. त्याच क्षणी मी तुटलो. बाईंच्या हातात तीन मीटर राहिले, त्याच्या हातात आल्मा.

"सोडू नका हो, भावोजी, माझं दुसरं कुणी नाही!"

"हात तुटला तरी नाही सोडणार. तू माझे पाय धर!"

इंचाइंचाने त्यांनी तिला वर घेतलं. आल्मा थरथरत होती आणि वेंडेलिन तिच्या मानेत तोंड खुपसून रडत होता.

हरीण खाली खाणीच्या तळाशी होतं, अजून श्वास घेत होतं. वळसा घालून वेंडेलिन उतरला आणि त्याने त्याचे हाल संपवले. सहा तास तो जीव तसा तळमळत होता. हरीण सापडलं की स्प्रूस झाडाची हिरवी डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत खोवतात, तो त्याचा मान. वेंडेलिनने ती टोपीत घेतली नाही, आल्माच्या गळपट्ट्यात खोवली.

माझे सात मीटर नवा तुकडा जोडून अजून आल्माबरोबर जातात. मला वेंडेलिनने मागून घेतलं. हल्ली मी त्याच्या पाठपिशवीला बांधलेला असतो. तो नव्या पोरांना माझी भेग दाखवतो आणि कुणाच्या बुटांमुळे काय झालं ते सगळं सांगतो, स्वतःचं नाव घेऊन.

गेल्या शरदात त्याने मचाणावरून गोळी झाडली. हरीण अडखळलं आणि झाडीत गेलं. वेंडेलिन ताडकन उठला, एक पाय शिडीवर ठेवला.  पुन्हा तेच होणार! पिशवी उचलताना त्याचा अंगठा माझ्या भेगेवर पडला. तो तसाच थांबला. मग त्याने पाय वर घेतला, बाकावर बसला आणि फोन लावला.

"गुंडुला, हरीण पडलं नाही. गोळी लागली, पण माझाच नेम चुकला. मी अजून मचाणावरच आहे."

मित्रांनो, चामड्याला वेळेवर चरबी लावा, शेगडीपासून दूर टांगा, आणि हातात घेण्याआधी एकदा वाकवून बघा. कुठे दुखतंय ते आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला येतं. तेव्हा चूक झाली तर लगेच सांगून टाका. तुमच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी लोंबकळत असतं.