टी-पान्यांखालची ओळ

मी एक फाळका. ट्रकच्या मागचं दार साखळ्यांवर खाली पडतं ना, त्याला फाळका म्हणतात. सागवानी नाही, बाभळीचा आहे, पण पक्का. ही बढाई नाही, माहिती देतोय.

माझं शिक्षण ट्रकच्या मागं लिहितात तेवढंच. ट्रक भंगारात निघाला तेव्हा मकसूद मिस्त्रीनं मला काढून घेतलं. बीडहून पालीकडं जाताना रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. त्यानं मला भिंतीला ठोकलं आणि माझ्यावर खिळे मारले. मी आवाज केला नाही. प्रत्येक खिळ्यावर एक पाना लटकवला आणि पान्याच्या कडेनं पांढरा रंग फिरवला. पाना उचलला की मागं त्याची आकृती उरते. कोण बाहेर आहे ते रस्त्यावरून कळतं.

सहा-सहाच्या ओळी आहेत. वर फिक्स पाने. खाली गोट्या, म्हणजे दांड्यात बसवून फिरवायचे ते. मग रिंग पाने, मग टी-पाने, मग एलन की, म्हणजे षटकोनी टोकाच्या वाकड्या किल्ल्या. शेवटी पकडी आणि पेचकस. त्या ओळीतली पहिली जागा हातोडीची. हातोडी कोणी उसनी नेली, ती आली नाही. बावीस वर्षं झाली. मकसूद अजून त्या जागेकडं बघून दात खातो.

माणसाची जात मला कळली ती इथं. पाना हातात धरून पाना शोधणारे मी रोज बघतो. दोष मात्र मला देतात.

मकसूदची मुलगी आफ्रीन. शिकून नर्स झाली. बीडात एका दवाखान्यात लागली होती. मग इटली देशातल्या एका वृद्धाश्रमात जागा निघाली. तिथल्या म्हाताऱ्यांशी तिथल्या भाषेत बोलता आलं पाहिजे, ही अट. परीक्षा मोबाईलवर, समोरासमोर. संधी दोनच. पहिल्या वेळी परीक्षा घेणाऱ्या बाईनं विचारलं, काल कुठं गेली होतीस? आफ्रीननं सांगितलं, उद्या जाईन. नापास.

दुसरी तारीख तीन आठवड्यांवर होती. ही पण गेली तर जागा दुसरीला. पोरगी वही घेऊन गॅरेजात बसली. तोंड उतरलेलं.

"काय अडलं?" मकसूदनं विचारलं.

"अब्बा, एकच क्रियापद हाय. जाणे. पण मी गेले तर एक, तू गेलास तर दुसरं, आमी गेलो तर तिसरं. काल, उद्या, जमलं तर, सगळ्यांचं वेगळं. डोक्यात राहतच न्हाई."

"एका ओळीत किती?"

"सहा."

मकसूदनं माझ्याकडं बघितलं. "मला छत्तीस खिळे डोळे मिटून सापडतात. खडू आण."

अशी माझ्यावर शाळा भरली. आफ्रीननं फिक्स पान्यांखाली पहिली ओळ लिहिली: वादो, वाई, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. मी जाते, तू जातोस, तो जातो, अशी.

सायकलवाले ट्रककडं बघतात तसं मकसूद बघत राहिला. "हे दोन कंपन्यांचे पाने दिसतात. चार व-चे, मधले दोन आ-चे."

"तसंच हाय ते, अब्बा."

"म्हणजे मूळ संचातले दोन हरवले. दुसरीकडून आणून भरले. होतं असं. पुढं?"

गोट्यांखाली 'गेले'ची ओळ आली. तिला सोबत दुसरा शब्द जोडावा लागतो, असं आफ्रीन म्हणाली. मकसूद म्हणाला, "मग? गोटीला दांडा लागतोच." रिंग पान्यांखाली 'जाईन'. टी-पान्यांखाली 'जमलं तर जाईन'. एलन कीखाली इच्छेची आणि शंकेची ओळ. अम्मीला वाटतं मी जाऊ नये, तसली. त्या ओळीत पहिले तिन्ही शब्द एकच निघाले: वादा, वादा, वादा.

"एकाच मापाच्या तीन एलन की?" मकसूद खवळला. "ह्या लोकांना गाड्या कशा बनवता येतात?"

शेवटची ओळ हुकमाची. जा, जावं, चला. आफ्रीननं पहिली जागा सोडली आणि दुसरीपासून लिहिलं.

"पहिली रिकामी कावून?"

"स्वतःला कोण हुकूम देतं, अब्बा?"

"मी देतो. रोज सकाळी."

पण इटलीवाल्यांनी ऐकलं नाही. जागा रिकामीच राहिली. हातोडीच्या त्या जागेला आता दोन कारणं झाली.

पद्धत अशी ठरली. मकसूद गाडीखालून हात बाहेर काढायचा. "रिंग, चौथा!" आफ्रीननं पाना हातात द्यायचा आणि शब्द तोंडानं. "आंद्रेमो!" चुकली तर पाना परत. दोन गिऱ्हाईकं घाबरून निघून गेली. त्यांना वाटलं, बापलेकीचं भांडण चाललंय.

गहिनीनाथ मात्र टिकले. ते चकलांब्याचे बागायतदार. त्यांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजीनकाम चार दिवस चाललं, आणि ते चारही दिवस बाकड्यावर बसून होते. घरी कोणी ऐकत नाही, म्हणून.

"वाई म्हणजे तू जातोस? अरे, वाईला तर मी गेलतो!"

"गहिनीनाथ, गप बसा बे," मकसूद गाडीखालून म्हणाला. "तिसरा चुकवला तिनं."

"मला येतो तिसरा. वा!" गहिनीनाथ म्हणाले. त्यांना तो एकच येत होता. तेवढ्यावर ते चार दिवस मास्तर झाले.

आफ्रीनची आई, हाफिजा, रोज दुपारी चहा घेऊन येते. तिला हे सगळं पसंत नव्हतं. आपल्याकडं घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. आणि ही पोरगी दिवसभर जाते, जाईन, जाऊ, चला.

"दुसरा शब्द न्हाई का त्या देशात?" ती म्हणाली. "खाणे घे. झोपणे घे. तुझ्या अब्बाला झोपणे लई चांगलं जमंल."

"अम्मी, परीक्षेत हेच विचारतात."

"विचारू दे. माझ्या घरात तोंडातून काढायचं न्हाई."

"हे घर न्हाई, गॅरेज हाय," मकसूद म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा गार मिळाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप-लेक सामान आणायला गेले होते. गॅरेजात गहिनीनाथ एकटे. हाफिजा आली. किटली खाली ठेवली. माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"भाऊ, ह्यात 'जाईन' कुठली ओळ हाय?"

"जाईन? ही," गहिनीनाथांनी बोट दाखवलं. टी-पान्यांवर. इतक्या खात्रीनं, की क्षणभर मलाच शंका आली.

हाफिजानं ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं आणि ती अख्खी ओळ पुसली. जोरानं नाही. आजारी माणसाचं तोंड पुसतात तसं. आता तुम्ही म्हणाल, फाळक्या, तू बोलला का नाहीस? फाळक्यानं बोलायचं नसतं. आणि बोलायला तरी काय होतं? 'जाईन' वरच्या ओळीत शाबूत होतं. तिनं पुसलं होतं ते 'जमलं तर जाईन'. आईनं नेमकं 'जमलं तर' तेवढं काढून टाकलं होतं.

आफ्रीन परत आली. ओल्या पट्ट्याकडं बघितलं. अम्मीच्या ओल्या ओढणीकडं बघितलं. मकसूद इरेला पेटला. "टी-पाने उतरव. खडू नको. कोऱ्या लाकडावरून सांग. जमेपर्यंत घरी जायचं न्हाई."

दिवेलागणीपर्यंत एवढी एकच ओळ चालली, मग टी-पाने परत खिळ्यांवर आले. आंद्रेई, आंद्रेस्ती, आंद्रेब्बे. बाकीच्या पाच ओळी खडूवर अवलंबून होत्या. ही एकटी तिच्या हातात उतरली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता परीक्षा. घरच्या गल्लीत रेंज येत नाही, म्हणून गॅरेजातच. मागं सगळी उत्तरं लिहिलेली दिसू नयेत म्हणून आफ्रीननं माझ्यावर चादर टाकली. फुलाफुलांची. मी अपमान गिळला. पण मुलगी खरी, हे मनात नोंदवलं.

चादर पडता पडता दिसलं, मकसूद बाकड्यावर बसला होता, हात मांड्यांवर. हाफिजा दाराशी. गहिनीनाथांची गाडी काल तयार झाली होती, तरी ते आले होते.

बाईनं आधी सोपं विचारलं. नाव, गाव, काम. आफ्रीन चालली. मग बाईनं विचारलं, "एक दिवस मोकळा मिळाला आणि जगात कुठंही जाता आलं, तर कुठं जाशील?"

आफ्रीन थांबली. चादरीआडून मला तिचा श्वास ऐकू येत होता. बाकड्यावर मकसूदचे ओठ हलत असणार, पण आवाज नाही. त्याची ती शिस्त आहे. मग चादरीवरून एक बोट माझ्यावर टेकलं. चौथी ओळ, पहिला खिळा. टी-पाना किंचित हलला.

"आंद्रेई," ती म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. मला पुढचं सगळं कळलं नाही. 'पाली' कळलं. आणि 'माद्रे', म्हणजे आई.

बाई हसली. पास झालीस, असं तिनं तिथंच सांगितलं. आफ्रीननं माझ्यावरची चादर ओढून काढली.

गहिनीनाथांनी टाळ्या वाजवल्या. मकसूद उठून विनाकारण एक स्क्रू आवळायला लागला. हाफिजा दारातून हलली नाही.

"पाली का म्हणाली गं तू?"

"बाईनं विचारलं, कुठं जाशील. मी म्हणाले, पालीच्या धरणावर. अम्मीला घेऊन. डबा बांधून."

"ती कुठली ओळ?"

"तू पुसलेली."

हाफिजानं गहिनीनाथांकडं बघितलं. गहिनीनाथांना एकदम चकलांब्यात तातडीचं काम आठवलं.

मग हाफिजानं स्वतः खडू उचलून मुलीच्या हातात दिला. "लिही परत. पहिल्यासारखी. मोठ्या अक्षरात."

आफ्रीनला जाऊन तीन महिने झाले. तिकडं ती म्हाताऱ्यांना दटावते म्हणे, आणि ते ऐकतात. हाफिजा दर शुक्रवारी मला पुसायला येते. तेल, काजळी, जाळी, सगळं काढते. टी-पान्यांखाली आली की फडकं ठेवते आणि अक्षरांच्या मधली धूळ बोटानं काढते. तिला वाचता येत नाही. बोटाला येतं.

एक सांगायचं राहिलं. मला मागायची सवय नाही. त्या ओळीच्या बरोबर वर पत्र्याला भोक आहे. मकसूद जगाच्या गळत्या टाक्या बंद करतो, स्वतःच्या पत्र्याकडं बघत नाही. तुमच्यापैकी कोणी पालीकडं निघालं तर त्याला एवढं सांगा. मृगाच्या आत ते भोक बुजव म्हणावं. लाकूड भिजलं तर वाळतं. खडूचं तसं नाही.