आजोबांची पाटी आणि मुलींचा नळ

"बाबा, आपले आजोबाच पाइप खाऊन राह्यले का?"

हा प्रश्न मोठ्या सरांच्या खोलीत, सगळ्यांसमोर विचारायचा, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, पूनम आणि रश्मीने, लावली होती. मी विचारला. खोलीतला पंखाही थबकल्यासारखा वाटला. म्हणजे तो नेहमीच बंद असतो, पण त्या दिवशी जास्त.

आता मागचं सांगते. आमच्या बेला गावच्या शाळेत मुलींच्या संडासाला नळ नव्हता. माझे बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीसारख्या सरकारी कचेरीत, नोकरीला. त्यांनी आजोबांच्या नावाने पाइप दिला, तोही तांब्याचा, कारण लोखंडी तर कुणीही देतं. टाकीकडून येणारा जुना पाइप मात्र लोखंडीच होता. म्हणून प्लंबर राजकुमारदादाने दोन्हींच्या मधे रबर-प्लास्टिकचा जोड बसवला. धातूला धातू लागू द्यायचा नाही, म्हणाला.

बाबांचा चेहरा उतरला. "माह्या बापाच्या पाइपाले प्लास्टिक? फोटोत कसं दिसन ते?"

मग त्यांनी आदिलाबादहून तांब्याची पाटी करून आणली. 'कै. यशवंतराव यांच्या स्मरणार्थ.' ती जोडावर गोल आवळून बसवली, एक टोक तांब्याच्या पाइपावर, दुसरं लोखंडी पाइपावर. प्लास्टिक दिसेनासं झालं. उद्घाटनाला पाटीला हार घातले, भाषणं झाली, फोटो निघाले. नळ सोडायचा तेवढा राहिला, तो दुसऱ्या दिवशी आम्हीच सोडला.

दिवाळीच्या आत लोखंडी पाइप पाटीजवळच सडून फुटला. बदलला. पुन्हा तिथेच फुटला. तेव्हा तहकीकात बसली आणि असं निघालं की पोरी नळाला लोंबकळतात. उपाय काय, तर नळ बंद. तेव्हापासून आम्ही शाळेत पाणी पिणंच सोडलं. प्यायलं की पुढची पंचाईत. परवा वर्गातली रुपा चक्कर येऊन बाकावरच आडवी झाली.

आणि मग विज्ञानाच्या नेहा मॅडमनी वर्गात दोन ग्लासांत मीठपाणी घालून दोन खिळे ठेवले. एका खिळ्याला तांब्याची तार गुंडाळली होती. तोच गंजाने माखला, दुसरा बराच बरा राहिला. तांबं लोखंडाला लागलं आणि पाणी असलं की झिजतं ते लोखंड, मॅडम म्हणाल्या. मला खिळा दिसेचना. आजोबांची पाटी दिसायला लागली.

तर नळाचं काय करायचं म्हणून सरांनी बाबांना बोलावलं, तेव्हा मोठ्या सरांच्या खोलीत मी हे सगळं सांगितलं.

"नरसिंगराव, पोरगी काय बोलून राह्यली?" सरांनी विचारलं.

"अभ्यास जास्त झाला तिले," बाबा म्हणाले.

"पाटी तं काढता येत नाही. फोटो वर पाठोला आपण." सरांनी विचार केला. "नजर लागली असन. पाटीले लिंबू बांधू."

"लिंबानं तं आणखीच गंजन, सर," मी म्हणाले. दाराबाहेर पूनम खिदळली आणि आम्हाला हाकललं.

घरी बाबा ताटावर बसले. भाकरी मोडेनात.

"चारचौघांत बापाचं नाक कापलं हिनं," ते म्हणाले.

आई, म्हणजे चारुशीलाबाई, ठेचा वाढता वाढता म्हणाली, "मामंजी दारातून कोनाले बिनपाण्याचं जाऊ देत नव्हते. आता त्यांच्याच नावाखाली पोरी तहानलेल्या राह्यतात. तुमी भाकर खा."

बाबांनी एक तुकडा मोडला. मला तेवढं पुरलं.

"बाबा, आई, मी ठरवलं. उद्या राजकुमारदादाले घेऊन जाईन अन् पाटी खोलीन. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांले सांगीन का नळ पोरींनी नाही मोडला. अन् पाटी भिंतीवर लावीन."

"संडासाच्या?" बाबांचा घास हातातच राहिला.

"टाकीच्या. पन पुन्हा पाइपावर गेली, तं संडासाच्या."